टेकडीवरचे शेतघर आणि वीस किलोमीटरवरचा समुद्र : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी इटलीच्या मार्के प्रांतातील एका शेतघरातील मुक्कामाविषयी लिहिले होते. मार्के म्हणजे अपेनाइन पर्वत आणि एड्रियाटिक समुद्र यांच्यामधला टेकड्यांचा प्रदेश. पर्यटकांची गर्दी शेजारच्या टस्कनीत थांबते आणि इकडे फारशी येत नाही. कोरिनाल्दो नावाच्या तटबंदीच्या गावाजवळ, सेनिगाल्लियाच्या किनाऱ्यापासून साधारण वीस किलोमीटर आत, एका शेतकरी कुटुंबाच्या घरी मी ऑक्टोबरअखेर पंधरा दिवस राहिले होते. त्या लेखावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : वाईजवळ आमचे स्वतःचे छोटे कृषी पर्यटन केंद्र आहे. आपण ज्याला ‘आग्रितुरिझ्मो’ म्हणता, ते आमच्यासारखेच का? की शेताचे नाव पुढे करून चालवलेले हॉटेल? खरे कोणते आणि दिखाऊ कोणते, हे इथे बसून कसे ओळखावे? — एक वाचक, जिल्हा सातारा

उत्तर : आपण स्वतः या व्यवसायात असल्यामुळे आपला प्रश्न अगदी नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. इटलीत आग्रितुरिझ्मो हा शब्द कोणालाही पाटीवर लिहिता येत नाही. यासंबंधीचा पहिला राष्ट्रीय कायदा 1985 साली झाला आणि त्याच्या जागी 2006 साली नवा कायदा आला. पाहुणे ठेवणारी व्यक्ती शेतकरीच असली पाहिजे आणि पाहुणचार हा शेतीला जोडून असला पाहिजे, शेती पाहुणचाराला जोडून नव्हे, हे या कायद्याचे मूळ सूत्र आहे. शेती मुख्य आहे की नाही, हे ठरवताना त्या कुटुंबाचे श्रमाचे तास कुठे अधिक जातात, हे पाहिले जाते. दहापर्यंतच पाहुण्यांची सोय असेल, तर शेतीच मुख्य आहे असे कायदा गृहीत धरतो. ताटात वाढले जाणारे अन्नही बऱ्याच अंशी स्वतःच्या रानातले आणि त्याच भागातले असावे लागते, आणि त्याचे प्रमाण प्रत्येक प्रांत ठरवतो. महाराष्ट्राने कृषी पर्यटनाचे धोरण 2020 साली आणले, तेव्हा त्यामागचा विचार आपल्याला ठाऊक असेलच. शेतकऱ्याला त्याच्या रानातून उठवायचे नाही, उलट रानात टिकून राहता यावे म्हणून त्याच्या हाताला जोडधंदा द्यायचा, हा हेतू दोन्हीकडे सारखाच आहे.

मार्केमध्ये मात्र या हेतूमागे एक मोठा इतिहास आहे आणि तो जाणून घेतल्याशिवाय तिथली टेकडी नीट दिसत नाही, असे माझे ठाम मत आहे. या भागात कित्येक शतके ‘मेद्झाद्रिया’ म्हणजे आपल्याकडच्या अर्धेलीसारखी पद्धत होती. जमीन आणि घर मालकाचे, कष्ट कुळाचे आणि पीक निम्मे-निम्मे. कुळाने जमिनीवरच राहिले पाहिजे अशी अट असल्यामुळे घरे गावात एकवटली नाहीत. प्रत्येक शेतात, टेकडीच्या माथ्यावर किंवा उतारावर, एकेकटे विटांचे घर उभे राहिले. खाली गोठा आणि कोठार, वर कुटुंब, आणि हिवाळ्यात गुरांच्या अंगाची ऊब लाकडी तक्तपोशीतून वर येई. कुटुंबातील कर्त्या पुरुषाला तिथे ‘वेर्गारो’ आणि घराची सूत्रे हातात असणाऱ्या स्त्रीला ‘वेर्गारा’ म्हणत. आपल्याकडच्या कारभारणीची आठवण व्हावी, असाच तिचा मान होता. 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. त्याच सुमारास तरुण मंडळी किनाऱ्यावरच्या आणि खोऱ्यातल्या कारखान्यांत गेली आणि ही घरे ओस पडली. आज आपण ज्या घरात पाहुणे म्हणून उतरतो, ते बहुधा असेच एखाद्या कुळाचे घर असते आणि ज्या खोलीत आपण झोपतो, तो कधीकाळी गोठा असतो.

आता ओळखण्याविषयी. दर्जा दाखवण्यासाठी ताऱ्यांऐवजी सूर्यफुलांची खूण वापरली जाते, एक ते पाच. मात्र ती सोयीसुविधांची मोजणी आहे, शेतीच्या खरेपणाची नव्हे. मी स्वतः जागा ठरवण्यापूर्वी पत्राने तीनच गोष्टी विचारते : आपण काय पिकवता, मी येईन त्या आठवड्यात रानात कोणते काम चालू असेल आणि रात्रीच्या जेवणातील कोणते पदार्थ आपल्या घरचे असतात. ज्यांचे उत्तर पोहण्याच्या तलावापासून सुरू होते, त्यांच्याकडे मी जात नाही. ज्या घरी मी राहिले, तिथून उत्तर आले होते, “त्या आठवड्यात ऑलिव्हची तोडणी आहे. घरी कोणी सापडले नाही, तर खालच्या बाजूला झाडांत यावे.”

आणि खरोखरच मी पोहोचले, तेव्हा घरात कोणी नव्हते. खाली उतारावर झाडांखाली हिरव्या जाळ्या अंथरलेल्या होत्या. घरचे दोघे आणि शेजारचे तिघे हातात छोटे दाताळे घेऊन फांद्या विंचरत होते, आपण केस विंचरतो तशा, वरून खाली. काही फळे हिरवी, काही जांभळट, काही अर्धी-अर्धी. जाळीवर पडताना त्यांचा आवाज पत्र्यावर येणाऱ्या पहिल्या टपोऱ्या पावसासारखा होता. सायंकाळी हवेशीर पेट्या भरून आम्ही तेलाच्या घाण्यावर गेलो, कारण तोडलेले फळ घरात पडून राहिले की तेलाला वास लागतो. म्हणून त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी ते दळावे लागते. आता दगडी घाणा राहिलेला नाही. पोलादी यंत्रात फळ बियांसकट भरडले जाते, लगदा मळला जातो आणि वेगाने फिरवून तेल वेगळे काढले जाते. हे सारे 27 अंशांच्या आत झाले, तरच त्याला थंड पद्धतीचे तेल म्हणता येते. 100 किलो फळांतून साधारण 12 ते 18 किलो तेल निघते. आपल्या पेट्यांचे तेल नळीतून पडू लागते, तो क्षण पाहायला सगळे कुटुंब उभे असते आणि कोणी बोलत नाही. ते तेल हिरवेगार, किंचित गढूळ आणि घशाला चांगलेच झोंबणारे असते. निखाऱ्यावर भाजलेल्या पावावर लसणाची पाकळी घासून, मीठ भुरभुरून त्यावर ते ओततात. मी उभ्याउभ्याच चार तुकडे खाल्ले.

प्रश्न : आम्ही दोघे साठी ओलांडलेले आहोत. आठ दिवस आहेत. डोंगरही पाहायचा आहे, समुद्रही, पण रोज चार तास गाडीत बसणे आता होत नाही. मुक्काम दोन ठिकाणी विभागावा का? — एक वाचिका, पुणे

उत्तर : विभागू नये. एकाच घरी आठही दिवस राहावे. बॅग भरण्यात आणि उघडण्यात दोन अर्धे दिवस जातात, शिवाय घरची माणसे तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोकळेपणाने बोलू लागतात, तेव्हाच आपण निघालेले असतो.

एक गोष्ट नकाशा उघडून समजून घेतली, तर आपला निम्मा प्रवास वाचेल. मार्केतल्या नद्या, म्हणजे मेतौरो, चेझानो, मिसा आणि एझिनो, पर्वतातून निघून फणीच्या दातांसारख्या समांतर ओळींत समुद्राला मिळतात. खोऱ्यातून वर डोंगराकडे किंवा खाली समुद्राकडे जाणारा रस्ता सरळ आणि सोपा असतो. याउलट एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जाताना प्रत्येक वेळी टेकडी चढून उतरावी लागते आणि नकाशावरचे बारा किलोमीटर अर्धा तास खातात. म्हणून दिवस ठरवताना एक दिवस वर, एक दिवस खाली, आणि एक दिवस कुठेच नाही, असा क्रम ठेवावा.

खाली म्हणजे सेनिगाल्लिया. तिथल्या सुमारे तेरा किलोमीटरच्या वाळूला ‘मखमली किनारा’ म्हणतात आणि ती वाळू खरोखरच तितकी मऊ आहे. पाण्यावर खांबांवर उभे असलेले गोल सभागृह 1933 साली उघडले आणि आजही ते या किनाऱ्याची खूण आहे. गावात एक वर्तुळाकार विटांचा बाजार आहे, त्याच्या खांबांच्या सावलीत सकाळी भाजी आणि मासळी विकली जाते. समुद्रावर जाण्याआधी तिथे जावे, कारण दुपारपर्यंत सारे आवरलेले असते. उन्हाळ्यात किनाऱ्याचा मोठा भाग छत्र्या आणि खाटा भाड्याने देणाऱ्यांकडे असतो. मोफत किनाऱ्याचे पट्टे वेगळे असतात आणि पाटीवर तसे लिहिलेले असते. कोकणात वाढलेल्यांना दोन गोष्टी चमत्कारिक वाटतील. एक म्हणजे सूर्य इथे समुद्रातून उगवतो आणि डोंगरामागे मावळतो. दुसरी म्हणजे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूट-दीड फूट असतो, त्यामुळे किनारा सकाळी दिसतो तसाच सायंकाळी दिसतो.

दक्षिणेला गेल्यावर मात्र किनारा एकदम बदलतो. आंकोनाच्या पलीकडे कोनेरो हा 572 मीटरचा चुनखडीचा डोंगर थेट समुद्रात उतरतो. पांढरे कडे, खाली हिरवट निळे पाणी आणि वाळूऐवजी गोटे, त्यामुळे पायात रबरी तळाचे जोडे हवेतच. डोंगराच्या पायथ्याशी पोर्तोनोवोच्या छोट्याशा उपसागरात अकराव्या शतकातील पांढऱ्या दगडाचे एक चर्च आहे. त्याच्या भिंतीला टेकून तासभर बसले तरी पुरे. सिरोलो गावाच्या चौकातून दिसणारा समुद्र पाहण्यासाठी काहीही चढावे लागत नाही, हे मुद्दाम सांगते. ‘दोन बहिणी’ नावाचे दोन सुळके असलेला प्रसिद्ध किनारा फक्त बोटीने गाठावा. वरून उतरणाऱ्या पायवाटेवर दरडी कोसळतात आणि तिथे जाण्यास मनाई आहे. आंकोना हे नाव ग्रीक भाषेतील ‘कोपर’ या शब्दावरून आले. शहर समुद्रात कोपरासारखे वळलेले आहे, आणि त्यामुळेच उन्हाळ्याच्या दिवसांत तिथे सूर्य समुद्रातून उगवताना आणि समुद्रातच मावळतानाही दिसतो.

वर म्हणजे फ्रासास्सीच्या गुहा. 1971 साली आंकोनाच्या गुहा-संशोधक तरुणांना डोंगरात एक भोक सापडले, त्यातून थंड हवा येत होती. आत टाकलेला दगड तळाशी पोहोचायला लागलेला वेळ मोजून त्यांनी खोलीचा अंदाज बांधला. आत निघालेले दालन जवळपास 200 मीटर उंचीचे आहे. गुहा 1974 पासून लोकांसाठी खुल्या आहेत. साधारण दीड किलोमीटरचा फरसबंद मार्ग आहे, वाटाड्याबरोबर सव्वा तास लागतो, आणि तापमान बारमाही 14 अंश असल्याने भर जुलैतही स्वेटर न्यावा. पायऱ्या आहेत, म्हणून गुडघ्यांचा त्रास असल्यास आधी विचार करावा. जवळच एका मोठ्या कपारीत 1828 साली पोप लिओ बारावे यांनी बांधवून घेतलेले अष्टकोनी देवालय आहे. खडकाच्या जबड्याखाली ते पांढरे घडीव दगडांचे देऊळ पाहिल्यावर मला कपारीत वसलेल्या आपल्याकडच्या देवस्थानांची तीव्रतेने आठवण झाली. तिथवरची चढण सुमारे पाऊण किलोमीटरची पण चांगलीच खडी आहे. ती सावकाश चढावी.

उर्बिनोला जायचे असेल, तर फुर्लोच्या घळीतून जावे. तिथे सम्राट व्हेस्पासियनने इ. स. 76 च्या सुमारास खडक फोडून काढलेला सुमारे 38 मीटरचा बोगदा आहे आणि त्यातून आजही मोटारी जातात. उर्बिनो हे चित्रकार राफाएलचे जन्मगाव. तिथला राजवाडा पाहायला अर्धा दिवस हवा. गावाच्या चढ-उतारांची कल्पना मात्र मनात असू द्यावी.

आणि ‘कुठेच नाही’ हा दिवस कृपया वगळू नये. आमच्या शेतघरातून कोरिनाल्दोला जाणारी पांढऱ्या मातीची वाट होती, चालत पाऊण तासाची. एका बाजूला नांगरलेले रान, दुसऱ्या बाजूला द्राक्षमळा आणि मधूनमधून एकेकटे जुने तुतीचे झाड. ही तुतीची झाडे कुळांच्या बायका रेशीमकिड्यांसाठी जपत. द्राक्षवेली तारांवर चढवण्याची पद्धत येण्यापूर्वी त्या मेपलच्या जिवंत झाडांवर सोडत आणि त्यातली एखादी जोडी अजून बांधावर उभी दिसते. पाऊस पडून गेल्यावर ही वाट टाळावी, कारण तिथली चिकणमाती आपल्या काळ्या रानासारखीच जोड्याला धरून बसते. कोरिनाल्दोचा विटांचा तट आजही जवळपास अखंड आहे आणि गावात शंभराहून अधिक पायऱ्यांचा एक सरळ जिना आहे. त्याच्या मध्यावर एक विहीर आहे. तिची कथा अशी की मक्याच्या पिठाचे पोते वाहणारा एक जण तिच्या काठावर दम खायला थांबला आणि पोते आत पडले. ते काढायला तो खाली उतरला, आणि बराच वेळ वर आला नाही, तेव्हा तो तळाशी बसून पिठले शिजवून खात असावा असे गावकरी म्हणू लागले. ती पोलेंता म्हणजे मक्याचे पिठलेच की, आणि ही कथा ऐकवताना आमच्या यजमानीणबाई आज साठ वर्षांनीही हसत होत्या.

प्रश्न : माझ्या सासूबाई कट्टर शाकाहारी आहेत, अंडेही चालत नाही. इटलीत खेड्यात राहून त्यांचे हाल होतील का? — एक वाचिका, नागपूर

उत्तर : हाल होणार नाहीत, पण नेमके विचारले पाहिजे. ‘मांस नको’ एवढेच सांगितले, तर मांसाच्या पाण्यात शिजवलेला पदार्थ ताटात येऊ शकतो, कारण रांधणाऱ्याला तो मांसाहार वाटतच नाही. या भागातील काही सापळे नावानिशी सांगते. उर्बिनोकडची ‘क्रेशा’ आणि किनाऱ्यावरची ‘पियादीना’ या दिसायला आपल्या पराठ्यासारख्या भाकऱ्या, पण त्यांच्या कणकेत बहुधा डुकराची चरबी असते. तिला ‘स्त्रुत्तो’ म्हणतात आणि हा शब्द लिहून जवळ ठेवावा. तेलातली भाकरीही मिळते, मात्र विचारल्यावर. घरचा ताजा पास्ता अंड्याचा असतो. सासूबाईंसाठी गव्हाचा सुका, पाकिटातला पास्ता मागावा, त्यात फक्त रवा आणि पाणी असते. ‘विंचिसग्रास्सी’ हा थरांचा पदार्थ आणि भरलेली तळलेली आस्कोलीची ऑलिव्ह, दोन्हींत मांस असते. पार्मेझान चीज वासराच्या जठरातील विकराने विरजले जाते, त्यामुळे ते ज्यांना चालत नाही त्यांनी वनस्पतिजन्य विरजणाचे चीज विचारावे.

आता आनंदाची बातमी, आणि ती नागपूरकरांना सांगताना मला विशेष समाधान वाटते. सेर्रा दे कोंती या टेकडीवरच्या गावाची ओळखच ‘चिचेर्किया’ नावाच्या डाळीवर आहे आणि ती डाळ म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपली विदर्भातील लाखोळी. गरिबांच्या या पिकाची लागवड तिथे जवळपास संपत आली होती. गावातल्याच काही तरुणांनी ते पुन्हा पेरले आणि आज ती मानाने विकली जाते. तिथे ती भिजवून, रोझमेरी आणि टोमॅटोबरोबर शिजवून, ऑलिव्हच्या तेलाची धार सोडून पातळसर करतात. लाखोळी रोज आणि भरपूर खाल्ली तर पायांत लुळेपणा येतो, हे आपल्याकडे ठाऊक आहे. अधूनमधून, भिजवलेले पाणी टाकून देऊन शिजवलेल्या वाटीभराची भीती बाळगू नये. याशिवाय वालासारखी बाकला, हरभरे, पालेभाज्या, भाजलेल्या मिरच्या आणि पोलेंता यांवर चार दिवस सुखाने जातात.

शक्यतो छोटे स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. मसाला, मेतकूट, पोहे नेता येतील, मात्र तूप, पेढे, खवा नेऊ नयेत. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेण्यास बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत.

मासे खाणाऱ्यांसाठी जाता जाता : आपण ज्यांना तिसऱ्या म्हणतो, त्यांच्याच जातकुळीच्या शिंपल्या पास्त्यात घालतात, आणि ‘ब्रोदेत्तो’ हे अनेक प्रकारच्या माशांचे कालवण प्रत्येक बंदरात निराळे असते. आंकोनाकडे तेरा प्रकारचे मासे घालण्याची परंपरा सांगतात.

प्रश्न : कोणता महिना सर्वांत चांगला? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फुले पाहायची तर मे, समुद्रात उतरायचे तर जून किंवा सप्टेंबरचा पूर्वार्ध, आणि शेती पाहायची तर ऑक्टोबरअखेर. सूर्यफुले आणि गव्हाची कापणी जूनअखेर ते जुलैत असते. ऑगस्टमध्ये, विशेषतः 15 तारखेच्या सणाच्या आसपास, अख्खी इटली समुद्रावर असते, तेव्हा जाऊ नये. सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत शिकारीचा हंगाम असतो, म्हणून रानवाटांवर भडक रंगाचे कपडे घालावेत. शरद ऋतूत अतिवृष्टीचा इशारा असेल, तर खोऱ्यातल्या रस्त्यांवर जाऊ नये. 15 सप्टेंबर 2022 रोजी मिसा नदीच्या पुराने याच भागात माणसे दगावली, आणि खालच्या गावांतील लोक आजही ढग दाटले की नदीकडे पाहून बोलतात.

प्रश्न : गाडीशिवाय हे जमेल का? आणि गाडी घेतली, तर कोणती काळजी घ्यावी? — एक वाचक, लंडन

उत्तर : किनाऱ्यावर गाडीची गरज नाही. रिमिनी, फानो, सेनिगाल्लिया, आंकोना ही सारी गावे एकाच रेल्वेमार्गावर आहेत आणि रूळ काही ठिकाणी वाळूपासून हाकेच्या अंतरावर धावतात. फ्रासास्सीच्या गुहांजवळही रोम-आंकोना मार्गावरचे जेंगा स्थानक आहे. अडचण शेतघराची आहे. टेकडीवरच्या गावांना बस मोजक्या, आणि रविवारी जवळपास नाहीतच. म्हणून निदान चार दिवस गाडी घ्यावी. भारतीय परवाना असलेल्या कुटुंबीयांना आंतरराष्ट्रीय परवानाही सोबत लागतो, तो आरटीओकडून निघण्यापूर्वी काढावा. जुन्या गावांच्या वेशीवर लाल वर्तुळाची पाटी आणि कॅमेरा दिसला, तर आत शिरू नये. तिथे फक्त रहिवाशांच्या गाड्यांना प्रवेश असतो आणि दंडाची चिठ्ठी कित्येक महिन्यांनी घरी येते. मलाही अशी एक आली होती. मी नकाशा दाखवणाऱ्या फोनवर विसंबून राहिले होते, पाटी पाहिली नव्हती. गाडी तटाबाहेर पांढऱ्या रेघांत उभी करावी, तिथे शुल्क नसते. निळ्या रेघांत पैसे भरावे लागतात आणि पिवळ्या राखीव असतात.

प्रश्न : मी माणगावचा. आमच्या गावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा लहानपणापासून पाहत आलो. ते इटलीत लढताना पडले, एवढे ठाऊक आहे. आपण लिहिलेल्या भागापासून ती जागा जवळ आहे का? — एक वाचक, जिल्हा रायगड

उत्तर : आपल्या पत्राबद्दल मी मनापासून आभारी आहे, कारण गेल्या लेखात हा उल्लेख राहून गेला, याची मला खंत होती. होय, जवळ आहे. कोरिनाल्दोहून फाब्रियानो आणि गुब्बियोमार्गे पर्वत ओलांडून उंब्रिया प्रांतात उतरले की टायबर नदीचे वरचे खोरे लागते. जायला दोन तासांहून थोडा अधिक वेळ ठेवावा आणि पूर्ण दिवस द्यावा.

10 जुलै 1944 रोजी याच खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक तुकडी मशिनगनच्या जवळून होणाऱ्या माऱ्यात सापडली. घाडगे यांच्या हाताखालचे सारे जवान मारले गेले किंवा जखमी झाले. ते एकटे पुढे धावले, हातबॉम्ब टाकून मशिनगनचा मारा बंद पाडला, एकाला गोळी घातली. काडतुसांचा नवा साठा भरायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक उलटी धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना त्यांनी आडवे केले. त्यानंतर छातीत आणि पाठीत गोळ्या लागून ते पडले. वय अवघे 22 वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्यांची वेगळी समाधी नाही, कासिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. मराठा पलटणीला इटलीत आणखी एक व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांना, 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीच्या काठी दाखवलेल्या पराक्रमाबद्दल. ते अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले आणि ते युद्धातून परत आले. सेनिओ मार्केच्या उत्तरेला राव्हेन्नाकडच्या सपाट प्रदेशात आहे आणि किनाऱ्याच्या महामार्गाने तिथेही एका दिवसात जाऊन येता येते.

यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ मोंतोने या छोट्याशा तटबंदीच्या गावात जुलै 2023 मध्ये एक स्मारक उभारण्यात आले. ते सूर्यघटिकेच्या रूपात आहे आणि ‘आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो’ अशा अर्थाचे लॅटिन वचन त्याच्यासाठी निवडले आहे. मोंतोने टेकडीवर आहे. तटावरून टायबरचे खोरे दूरवर उलगडते, गव्हाची आणि तंबाखूची चौकोनी शेते, पॉप्लरच्या रांगा आणि पलीकडे डोंगर. जुलैच्या दहा तारखेच्या सुमारास तिथे गहू कापला जात असतो आणि हवा कोरडी, धुळकट, तापलेली असते. त्याच दिवसांत माणगावच्या खाचरांत गुडघाभर चिखलात भाताची लावणी चाललेली असते. खोऱ्याकडे पाहत उभी असताना माझ्या मनात पुन्हा पुन्हा हेच येत होते, की त्या मुलाला त्या दिवशी घरच्या लावणीची आठवण झाली असेल.

तिथे जाताना ढगाळ दिवस टाळावा, म्हणजे घटिकेवर सावली पडलेली दिसेल. गावातील दुकाने दुपारी एक ते चार बंद असतात, म्हणून पाणी बरोबर ठेवावे. आणि शक्य असेल, तर माणगावची चिमूटभर माती कागदात बांधून न्यावी असे मी सुचवले असते, पण युरोपात बाहेरची माती नेऊ देत नाहीत. तेव्हा पुतळ्याचे एक छायाचित्र न्यावे. मोंतोनेतली वयस्कर मंडळी चौकात बाकावर बसलेली असतात, त्यांना ते दाखवावे.